लेसरने चष्मा गेला, आता डोळ्याची जखम भरून येईपर्यंत काय करायचं?

लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया, झालेल्या बहुतेकांना दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ चष्म्याशिवाय वाचता येतं. वर्षानुवर्षं उशाशी चष्मा चाचपडत उठणाऱ्या माणसाला याचा किती आनंद होतो, हे चष्मा नसलेल्यांना कळणार नाही. पण काळजीत ढिलाई येते ती याच सकाळपासून. स्पष्ट दिसायला लागलं, दुखतही नाही, म्हणजे डोळा बरा झाला असं वाटतं. दिसायला लागणं आणि जखम भरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नजर एका रात्रीत येऊ शकते. जखम भरायला आठवडे लागतात आणि कापल्या गेलेल्या नसा पूर्ववत व्हायला काही महिने. दुखत नाही याचाही फार भरवसा धरू नका, कारण दुखणं कळवणाऱ्या नसाच या शस्त्रक्रियेत कापल्या जातात आणि काही काळ बधिर राहतात.

पुढे जे दिवस आणि आठवडे दिले आहेत ते सर्वसाधारण आहेत. तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल, तर तो कागद खरा मानायचा.

आधी हे विचारून घ्या: माझ्यावर नेमकं काय केलंय?

‘लेसर केलं’ या एका शब्दात तीन वेगळ्या शस्त्रक्रिया येतात आणि तिघींची काळजी सारखी नसते.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. लेसिकमध्ये त्याचा 100 ते 120 मायक्रॉन जाडीचा एक पापुद्रा कापून उचलतात, खालच्या थराला लेसरने आकार देतात आणि पापुद्रा परत जागेवर बसवतात. यालाच डॉक्टर फ्लॅप म्हणतात. टाके नसतात. कडेवरची वरची त्वचा एक-दोन दिवसांत जुळते, पण आतला फ्लॅप मूळच्या कॉर्नियाइतका घट्ट पुन्हा कधीच चिकटत नाही. जोराचा मार लागून कित्येक वर्षांनी फ्लॅप सरकल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत.

स्माईलमध्ये फ्लॅप नसतो. आतल्या आत एक पातळ चकती कापून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. फ्लॅप सरकण्याची भीती नाही, मात्र पहिले काही दिवस नजर लेसिकपेक्षा किंचित धुरकट राहू शकते.

पीआरकेमध्ये फ्लॅप नाही आणि चकतीही नाही. कॉर्नियावरची सगळ्यात वरची त्वचा काढून थेट पृष्ठभागावर लेसर मारतात. ज्यांचा कॉर्निया पातळ आहे, किंवा ज्यांच्या कामात नाहीतर खेळात डोळ्याला मार लागू शकतो, त्यांना डॉक्टर बहुधा हीच सुचवतात. ‘ट्रान्स-पीआरके’ हा तिचाच एक प्रकार. इथे सुरुवातीचे दिवस जड जातात, नजरही सावकाश येते, पण पुढे फ्लॅपची काळजी उरत नाही. शेजारच्या मुलीचं लेसिक झालं आणि ती तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेली, म्हणून पीआरके झालेल्याने स्वतःची तिच्याशी तुलना करून घाबरू नये.

पहिले 24 तास

घरी न्यायला सोबत कुणीतरी हवंच. रिक्षा किंवा कार, आणि डोळ्यांवर गॉगल. दुचाकीच्या मागच्या सीटवर बसून जाऊ नका.

भूल देणाऱ्या थेंबांचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. मग डोळे चुरचुरतात, पाणी वाहतं, वाळूचा कण गेल्यासारखं खुपतं, उजेड सहन होत नाही. लेसिक आणि स्माईलमध्ये हे साधारण चार-सहा तास चालतं. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे झोप. म्हणून शस्त्रक्रियेला जायच्या आधीच खोलीचे पडदे लावून ठेवा, जेवण तयार ठेवा, थेंबांच्या बाटल्या उशाशी मांडा. घरी आल्यावर थोडं खा, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घ्या आणि डोळे मिटून पडा. डोक्यावरचा पंखा मंद ठेवा. एसीचा झोत थेट चेहऱ्यावर येऊ देऊ नका.

झोपताना प्लॅस्टिकची पारदर्शक झाकणं, म्हणजे शील्ड, चिकटपट्टीने लावायची. ती पाच ते सात रात्री वापरायची असतात. माणूस जागेपणी कितीही सावध असला तरी झोपेत हात डोळ्याकडे जातोच. घरात लहान मूल शेजारी झोपत असेल, तर तेवढा आठवडा त्याला आजीजवळ झोपवा. झोपेत उडालेली एक लाथ किंवा हात लेसिकच्या ताज्या फ्लॅपला पुरेसा असतो.

आरशात पाहिल्यावर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसला तर दचकू नका. शस्त्रक्रियेच्या वेळी डोळा धरून ठेवणाऱ्या कड्याच्या दाबाने बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते. दोन-तीन आठवड्यांत डाग आपोआप जातो. त्याने नजरेला काही होत नाही.

दुसऱ्या दिवशीची तपासणी कुठल्याही कारणाने चुकवू नका, छान दिसत असलं तरीही. फ्लॅपला सुरकुती पडली असेल तर ती पहिल्या एक-दोन दिवसांत सहज सरळ करता येते, पुढे अवघड होतं. फ्लॅपखाली जंतूंशिवाय येणारी एक सूजही असते, तीही याच पहिल्या काही दिवसांत दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखत नाही. ती फक्त डॉक्टरांच्या मशीनखालीच कळते.

थेंब

माझ्या मते संपूर्ण काळजीतला निम्मा भाग इथे आहे, आणि घरोघरी सर्वांत निष्काळजीपणे होणारी गोष्टही हीच.

साधारणपणे तीन बाटल्या मिळतात. पहिली अँटिबायोटिक, बहुधा मॉक्सिफ्लॉक्सासिन, सुमारे आठवडाभर. दुसरी स्टेरॉइड, जी सूज आवरते. लेसिक-स्माईलमध्ये एक-दोन आठवडे, तर पीआरकेमध्ये हळूहळू कमी करत कधीकधी काही महिने. तिसरी कृत्रिम अश्रूंची, म्हणजे डोळा ओला ठेवणाऱ्या थेंबांची, आणि ती सर्वांत जास्त काळ चालते. तिन्ही बाटल्या दिसायला सारख्याच असतात आणि सुरुवातीला बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणून झाकणांवर मार्करने मोठे 1, 2, 3 असे आकडे घाला आणि वेळांचा कागद फ्रिजला चिकटवा.

घालायची पद्धत अशी:

1. हात साबणाने धुऊन स्वच्छ रुमालाने कोरडे करा. मिरच्या चिरल्या असतील तर दोनदा धुवा.
2. ‘शेक वेल’ असं लिहिलेली बाटली नीट हलवा. काही स्टेरॉइड थेंबांत औषध तळाशी बसतं. न हलवता घातलं तर नुसतं पाणीच डोळ्यात जातं.
3. मान मागे करा, वर बघा, खालची पापणी हलकेच गालाच्या बाजूने खाली ओढा. वरच्या पापणीला हात लावू नका.
4. एकच थेंब त्या खोलगट जागेत सोडा. डोळ्यात एका थेंबापुरतीच जागा असते, बाकीचे गालावर ओघळतात. बाटलीचं टोक पापणीला, पापणीच्या केसांना किंवा बोटाला लागता कामा नये.
5. डोळा अलगद मिटा. घट्ट आवळू नका, फडफडवू नका. नाकाकडच्या कोपऱ्याशी, हाडावर बोटाने एक-दोन मिनिटं हलका दाब द्या, म्हणजे औषध घशात उतरत नाही आणि तोंड कडू होत नाही. शस्त्रक्रियेच्या पहिल्या दिवशी हा दाब नको.
6. पुढचा थेंब पाच मिनिटांनी. लगेच घातलात तर पहिला वाहून जातो.

बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा. उघडल्यापासून साधारण चार आठवड्यांनी, औषध उरलेलं असलं तरी, बाटली फेकायची.

स्टेरॉइडबद्दल जरा आवाज चढवून बोलावं लागेल. आपल्याकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवायही ते सहज मिळतं आणि डोळ्याला आरामही लगेच वाटतो. त्यामुळे ‘डोळे लाल झाले की तेच थेंब घालते’ असं महिनोन्महिने चालू राहतं. यातून डोळ्याच्या आतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. दुखत काही नाही, आणि काचबिंदूने नजरेचा गेलेला भाग परत येत नाही. ठरलेल्या दिवशी स्टेरॉइड थांबवा, आणि ते लांबवायचं असेल तर प्रत्येक भेटीत दाब मोजून घ्या. लाली घालवणारे ‘डोळे चमकवणारे’ थेंबही नकोत. ते सोडले की लाली दुपटीने येते. भूल देणारे थेंब तर घरात असूच नयेत, त्यांनी जखम भरणं थांबतं आणि कॉर्निया विरघळू लागतो.

गुलाबजल, मध, एरंडेल, त्रिफळ्याचं पाणी, बाळाच्या आईचं दूध: घरातली वडीलधारी मंडळी हे मायेने सुचवतात. त्यांना दुखवू नका, पण यातलं काहीही डोळ्यात जाऊ देऊ नका. यातलं काहीच निर्जंतुक नसतं.

पीआरके झालं असेल तर पहिला आठवडा

डोळ्यांवर पट्टीसारखं काम करणारी एक मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बसवलेली असते. तिच्याखाली त्वचा नव्याने उगवते. त्याला तीन ते पाच दिवस लागतात. पहिले दोन-तीन दिवस चांगलंच दुखू शकतं. गोळ्या दुखेपर्यंत थांबून घेऊ नका, वेळेवर घ्या. गार केलेले कृत्रिम अश्रू बरे वाटतात. लेन्स डॉक्टर चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान काढतात. ती आपणहून निघाली तर धुऊन परत घालू नका, दवाखान्यात फोन करा.

गंमत म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी नजर सुधारायच्या ऐवजी बिघडल्यासारखी वाटते. चहूबाजूंनी उगवत आलेली त्वचा त्या वेळी नेमकी मध्यभागी मिळत असते आणि तिथे उंचवटा राहतो. तो सपाट व्हायला वेळ लागतो. रोजच्या कामापुरतं आठवड्या-दीड आठवड्यात दिसतं, पण पूर्ण धार यायला एक ते तीन महिने लागू शकतात. त्या आठवड्या-दीड आठवड्याची रजा आधीच मागून ठेवलेली बरी.

पीआरकेनंतर उन्हातली अतिनील किरणं कॉर्नियावर धुरकट वण पाडू शकतात. यूव्ही-400 असं लिहिलेला, बाजूंनी झाकणारा गॉगल निदान सहा महिने बाहेर पडताना घालाच. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर यात सूट नाही.

पाणी, धूर, काजळ आणि सणवार

पहिला आठवडा डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही. अंगावरून आंघोळ मानेपासून खाली करा, चेहरा ओल्या कापडाने डोळ्यांभोवतीचा भाग सोडून पुसा. केस धुवायचेच असतील तर पार्लरमध्ये जसे मान मागे टाकून धुतात तसे दुसऱ्याकडून धुऊन घ्या, डोळे मिटून. ‘उकळून गार केलेलं पाणी चालेल का?’ असं बरेच जण विचारतात. डोळे धुवायची गरजच नसते. कडेला चिपड जमली तर दवाखान्यातून मिळालेल्या निर्जंतुक कापसाने पुसा.

पाण्याची एवढी भीती का, हेही सांगायला हवं. नळ, टाकी, विहीर, तलाव या सगळ्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. निरोगी कॉर्नियाला तो सहसा काही करत नाही, पण ताज्या जखमेत शिरला तर महिनोन्महिने उपचार लागतात. पोहणं, मग ते तरणतलावातलं असो, विहिरीतलं की समुद्रातलं, महिनाभर बंद ठेवलेलं चांगलं.

काजळ, सुरमा, आयलायनर, मस्कारा दोन आठवडे नको. नंतरही जुनी काजळाची डबी फेकून नवीन आणा. केस रंगवणं आणि मेंदी लावणंही तेवढंच पुढे ढकला.

शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना पंचांग जवळ ठेवा, मुहूर्तासाठी नव्हे, सणांसाठी. धुळवड-रंगपंचमीच्या आधीचा महिना टाळा. गणपतीत गुलाल आणि गर्दी, दिवाळीत फटाक्यांचा धूर आणि अभ्यंगस्नानाचं तेल-उटणं. शिमग्याला कोकणात जाऊन पालखी नाचवायची असेल, तर शस्त्रक्रिया त्यानंतर करा. पावसाळ्यात डोळ्यांची साथ येते. 2023 च्या पावसाळ्यात ती महाराष्ट्रभर पसरली होती. अशा वेळी शस्त्रक्रिया झालेल्याचा टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा ठेवा आणि घरात कुणाचे डोळे आले असतील तर त्याने आपले थेंब यांना देऊ नयेत.

स्वयंपाक दोन-तीन दिवसांनी करायला हरकत नसते, पण चुलीचा धूर, मिरच्यांची फोडणी आणि भजी तळणं आठवडाभर दुसऱ्यावर सोपवा. शेतकरी आणि ऊसतोड कामगारांनी विशेष जपावं. पाचटाची किंवा पानाची कड डोळ्याला लागून होणारा बुरशीचा संसर्ग आपल्याकडे नवा नाही, आणि तो फार चिवट असतो. दोन-तीन आठवडे शेतातली कापणी, मळणी टाळा. पुढे साधा पारदर्शक संरक्षक चष्मा लावूनच कामाला जा.

कोरडेपणा आणि स्क्रीन

आयटीत काम करणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते. नसा कापल्या गेल्याने ‘डोळा सुकलाय, पाणी सोडा’ हा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. त्यात स्क्रीनकडे बघताना आपण निम्म्याहूनही कमी वेळा पापण्या मिटतो. डोळा कोरडा पडला की दिसणंही कमीजास्त होतं: सकाळी लख्ख, संध्याकाळी अंधुक. नंबर परत आला या भीतीने लोक घायकुतीला येतात. अशा वेळी कृत्रिम अश्रूंचा एक थेंब घाला आणि दोन मिनिटांनी पुन्हा बघा. स्पष्ट दिसलं तर दोष बहुधा कोरडेपणाचा आहे.

हा त्रास बहुतेकांचा तीन ते सहा महिन्यांत कमी होतो, काहींना वर्ष लागतं. दिवसातून चारहून जास्त वेळा थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कारण नेहमीच्या बाटलीतलं प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार गेलं की कॉर्नियालाच त्रास देतं. त्रास होईपर्यंत वाट न पाहता ठरलेल्या वेळी घाला. पहिले दोन दिवस मोबाईल शक्यतो बाजूला ठेवा, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून थोडा थोडा वेळ. दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद बघा आणि पापण्या पूर्ण मिटा. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीच्या जरा खाली असली की डोळा कमी उघडा राहतो आणि कमी सुकतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्याने कोरडेपणा वाढतो.

गाडी, व्यायाम, प्रवास

चालणं दुसऱ्या दिवसापासून. जिम आणि धावणं आठवड्याने, कपाळाचा घाम डोळ्यात उतरणार नाही अशी पट्टी बांधून. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग यांना निदान एक महिना द्या. लेसिक झालेल्या खेळाडूने तर डॉक्टरांशी स्पष्टच बोलावं, आणि क्रिकेट-बॅडमिंटनला पुढे कायम संरक्षक चष्मा घालावा.

दिवसा कार चालवणं डॉक्टरांनी नजर तपासून होकार दिल्यावरच. दुचाकीला आठवडाभर थांबा, त्यानंतर काच खाली केलेलं हेल्मेट घालूनच. रात्रीचं वेगळं आहे. समोरच्या दिव्यांभोवती वलयं आणि फाकलेला उजेड काही आठवडे, कधी काही महिने दिसतो, तोवर घाटातून रात्री गाडी हाकू नका. एसटीत खिडकीची जागा टाळा. विमानप्रवासाला दुसऱ्या दिवशीच्या तपासणीनंतर सहसा हरकत नसते, पण आतली हवा कोरडी असते, थेंब खिशात ठेवा.

हे झालं तर वाट पाहू नका

पहिल्या दिवसाचं दुखणं ओसरल्यावर पुन्हा वाढू लागणं. आलेली नजर अचानक कमी होणं. घट्ट पिवळसर चिपड. उजेडाचा त्रास रोज वाढत जाणं. बुबुळावर पांढरा ठिपका. डोळ्याला मार किंवा नख लागणं, मग दुखत नसलं तरीही. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, शस्त्रक्रिया केलेल्या दवाखान्याला फोन करा. आपत्कालीन नंबर आधीच घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा. फोटो पाठवून सल्ला मागण्यात वेळ घालवू नका. कॉर्नियाचा संसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर काही तासांचाही फरक पडतो.

पुढची वर्षं

लेसरने कॉर्नियाचा आकार बदलतो. बाकीचा डोळा होता तसाच राहतो. ज्यांना मोठा मायनस नंबर होता त्यांचा डोळा लांब आणि आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, ताणलेला असतो, चष्मा गेल्यावरही. त्यामुळे वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. अचानक काळे ठिपके तरंगायला लागले, विजेसारखे लखलखाट दिसले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी दाखवा. मिरवणुकीतल्या लेसर झोतांकडे बघू नका. त्यांनी पडद्यात रक्तस्राव झालेले तरुण महाराष्ट्रात डॉक्टरांनी तपासले आहेत.

डोळे चोळायची सवय कायमची सोडा. पातळ झालेला कॉर्निया चोळण्याने पुढे फुगू शकतो आणि नंबर वाढत जातो. खाज येत असेल तर ती बहुधा अॅलर्जी असते, तिच्यावर वेगळे थेंब मिळतात. चाळिशी मात्र लेसर झालेल्यांनाही येते. जवळचं वाचायला चष्मा लागला तर शस्त्रक्रिया फसली असं समजू नका.

आणि कागदपत्रं. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाचा गोलावा आणि जाडी यांचे रिपोर्ट, शस्त्रक्रियेची तारीख आणि प्रकार हे सगळं मागून घ्या, त्यांचे फोटो काढा आणि स्वतःलाच ईमेल करा. पुढे कधी मोतीबिंदू झाला तर डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना लेसर झालेल्या डोळ्याचं नेहमीचं गणित चुकतं. जुने आकडे हाती असले तर ते बरंच सावरता येतं. डोळ्याचा दाबही पातळ कॉर्नियामुळे मशीनवर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, आणि त्यामुळे काचबिंदू निसटू शकतो. म्हणून यापुढे कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे गेलात, अगदी वीस वर्षांनी गेलात, तरी खुर्चीत बसल्याबसल्या लेसर झाल्याचं सांगा आणि ती फाईल पुढे करा.